विक्रांतचा सत्कार

जानकी रॉकेलचा डबा घेऊन रेशनच्या रांगेतून घरी परतली, तेव्हा तिला कागदोपत्री एक मुलगा झालेला होता. चांगला चोवीस वर्षांचा, आणि बोटीवर इंजिनीयर.

हा पराक्रम तिच्या दोन मुलींचा. अनुपमा दहा वर्षांची, मीरा सात. दोघींचं बाहुलीवर भागत नसे. बापाने, म्हणजे दत्तारामने, एकदा गोदीत नेऊन लढाऊ जहाज दाखवलं, तिथून त्यांनी नाव उचललं आणि विक्रांत नावाचा मोठा भाऊ तयार केला. दत्तारामचा जुना चौकड्यांचा शर्ट त्याचा म्हणून खुंटीला लटके, जेवताना त्याचा पाट मांडला जाई, आणि दर शनिवारी त्याचं पत्र येई. अक्षर अनुपमाचं, चुका मीराच्या. जानकी काही बोलत नसे. हा मुलगा खात नव्हता, ओरडत नव्हता, धुवायला कपडे टाकत नव्हता. घरातल्या दुसऱ्या पुरुषापेक्षा तो तिला बरा वाटे.

पण त्या दिवशी ती नसताना काशीराम येऊन गेला. काशीराम म्हणजे आंबेरखोल ग्रामस्थ मंडळाचा, म्हणजे त्यांच्या कोकणातल्या गावच्या मुंबईकरांच्या मंडळाचा, नवा चिटणीस. मंडळ दरवर्षी गावच्या एका गुणवंताला शाल-श्रीफळ देई. यंदा पंचाईत अशी की गुणवंत कुठे उगवलाच नव्हता. दहावीला नऊ मुलं बसली, त्यातली सात पुन्हा बसणार होती. उरलेली दोन पास कशी झाली, हे त्यांच्या आईबापांनाही कळलं नव्हतं. तेव्हा काशीराम वही घेऊन गोरेगावात दारोदार गुणवंत शोधत फिरत होता.

"घरात कोण कोण असतं गं?"

"आई, बाबा, आम्ही दोघी आणि विक्रांतदादा," अनुपमा म्हणाली.

"दादा काय करतो?"

"बोटीवर इंजिनीयर आहे. आत्ता आफ्रिकेच्या खाली आहे."

"उद्या वर येणार," मीराने भर घातली.

काशीरामने खुंटीवरचा शर्ट पाहिला, फळीवरचं पत्र पाहिलं. इंजिनीयरचं अक्षर असंच असणार, असं ठरवून त्याने सगळं उतरून घेतलं.

"अगं भवान्यांनो, त्या माणसाला सांगितलंत कशाला?" जानकीने कपाळावर हात मारला.

"त्यांनीच विचारलं ना," अनुपमा म्हणाली. "आम्ही थोडंच बोलावलं त्यांना!"

आठ दिवसांनी छापील पत्रिका आली. 'सत्कारमूर्ती : चि. विक्रांत दत्ताराम परब, बोटीवरील इंजिनीयर. मुलगा परदेशी असल्याने सत्कार वडील स्वीकारतील.' दत्ताराम पूर्वी गिरणीत होता, आता एका स्टुडिओत सामानाच्या गोदामावर राखणीला होता. पत्रिका वाचून त्याने मुलींना खोटारड्या म्हटलं, जानकीने त्यांना लाडावल्याचं म्हटलं, आणि चपला घालून काशीरामकडे खरं काय ते सांगायला निघाला. दोन तासांनी परतला तो शीळ घालत.

"सांगितलंत?" जानकीने विचारलं.

"सांगणारच होतो. पण तो म्हणतो, 'काय रे दत्ताराम, झील एवढो बोटीर इंजिनेर आणि तू गप कसो रवलंस?' आणि मला स्टेजवर खुर्ची. अध्यक्षांच्या डाव्या हाताला."

"म्हणजे सांगितलं नाहीत."

"डाव्या हाताला, जानकी!"

पंधरा वर्षं या माणसाने मंडळात सतरंज्या अंथरल्या होत्या. स्टेजवर चढायचा तो माइकची वायर सरळ करायला. आता खुर्ची मिळतेय म्हटल्यावर त्याला स्वतःच्या पोरांची संख्या आठवेनाशी झाली.

"अहो, मी तेहेतीस वर्षांची. मुलगा चोवीसचा. मग मी काय नवव्या वर्षी बाळंत झाले?"

"तिथे कोण मोजायला बसतंय?"

"आणि सहदेवभावजी? नाहूरहून येतीलच ना ते."

यावर मात्र दत्तारामची शीळ बंद पडली. सहदेव त्याचा थोरला चुलतभाऊ. दोन्ही मुलींच्या बारशाला तो हजर होता, आणि दोन्ही वेळा "असू दे, मुलगी तर मुलगी" असं सांत्वन करून, चार लाडू खाऊन गेला होता. दत्तारामला मुलगा नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. तो भर सभेत खरं बोलला, तर जानकीला गावच्या बायकांत तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती. दत्ताराम काय, तो खाली मान घालून पुन्हा सतरंज्या अंथरेल. हसतील ते तिला.

रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये सगळं गाव जमलं. शेवंतीकाकूंनी आल्या आल्या जानकीचा हात धरला. "विक्रांत ना? लहानपणी माझ्या मांडीवर वाढलाय गो तो!" अध्यक्षांनी त्याला गेल्याच महिन्यात गोदीत पाहिला होता. अकरा वाजेपर्यंत सहा जणांना तो भेटलेला होता आणि तिघांना तो अगदी बापाच्या वळणावर गेलेला वाटत होता.

दत्तारामच्या अंगावर शाल पडली. माइकपुढे त्याला चक्क हुंदका आला. "पोटाला चिमटा काढून शिकवला हो त्याला!" जानकीने त्याच्या पोटाकडे पाहिलं. चिमट्याची खूण कुठेच दिसत नव्हती.

एवढ्यात तिसऱ्या रांगेतून सहदेव उठला आणि सरळ स्टेजवर चढला. जानकीने दोन्ही मुलींचे हात घट्ट धरले.

"दत्ताराम एक गोष्ट सांगायला विसरला," सहदेव माइकवर म्हणाला. "विसरला की लपवली, देव जाणे."

त्याने माइक स्वतःकडे वळवून घेतला.

"दोन वर्षं विक्रांत नाहूरला माझ्या घरी राहून शिकला. त्याचं गणित कच्चं होतं, ते मी पक्कं केलं. मला शाल नको. पण माणसाने उपकार विसरू नयेत, एवढंच."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मंडळाकडे शाल एकच होती. अध्यक्षांनी ती दत्तारामच्या खांद्यावरून काढली आणि सहदेवच्या खांद्यावर घातली. नको म्हणणाऱ्या सहदेवने ती नीट ओढून घेतली. दत्ताराम नुसता नारळ धरून उभा राहिला.

घरी येईपर्यंत तो धुमसत होता. "खोटारडा! विक्रांत एक दिवस तरी त्याच्याकडे राहिलाय का?"

"एक दिवससुद्धा नाही," जानकी म्हणाली.

"गणित म्हणे कच्चं! माझ्या मुलाचं?"

मुलींनी घरात शिरताच खुंटीवरचा शर्ट काढला आणि बोचक्यात कोंबला.

"हे काय गं?" जानकीने विचारलं.

"नको आता तो आम्हाला," अनुपमा म्हणाली. "सगळ्यांनी त्याची वाट लावली."

"बोट बुडाली त्याची," मीराने निकाल दिला.

"खबरदार!" दत्ताराम कडाडला. "माझ्या मुलाबद्दल असलं अभद्र बोलाल तर!" त्याने शर्ट बाहेर काढला, झटकला आणि पुन्हा खुंटीला अडकवला.

जानकीने मुकाट्याने चार पानं वाढली. दत्ताराम जेवायला बसला, त्याने डावीउजवीकडे पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"विक्रांतचा पाट कुठे आहे?"

मीरा हळूच आईच्या मागे सरकली. "आई," तिने कानात विचारलं, "बाबांना कुणी सांगितलंच नाही का, की तो खोटा आहे?"