मकरंदरावांच्या पहिल्या मोहिमेची हकीकत

श्री. जो दिसत नाही आणि सर्वांच्या खिशात वसतो, त्या संदेशवाहकास वंदन करून लिहिले ऐसे जे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी अमुक राज्यात मिठाईच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यास एक ठाणे होते. आत खुर्च्या बारा, दूरध्वनी चौतीस, सिमकार्डे दोनशे दहा, पंखे दोन पैकी एक बंद, आणि देव्हारा एक. तेथे मकरंदराव तळेकर, रसायनशास्त्राचे पदवीधर, दाखल जाहले. स्वभावे मवाळ, आवाज गोड, आणि चारचौघांत नाही म्हणणे जमत नसे. दोन वर्षे परीक्षा देऊन नोकरी मिळेना, आणि प्रत्येक लग्नात मामासाहेब पुसत, "सध्या काय करतोस?" मग वर्गमित्र बबनराव हात धरून ठाण्यात घेऊन आले आणि वदले, "चोरी नाही रे, लोकांचं गेलेलं बँक भरून देते सगळं." ऐसे तेथे सर्वच म्हणत, म्हणून तेही म्हणू लागले.

मग मकरंदरावांनी मालिनीबाई नामे वृद्ध विधवेस फोन लाविला आणि म्हणाले, "काकू, बँकेतून बोलतोय. खातं बंद पडेल." बाई म्हणाल्या, "थांब हं बाळा, चष्मा आणते. आवाज दमलेला वाटतो तुझा. जेवलास का?" मकरंदराव जेवले नव्हते. त्यांचा अंगठा फोन ठेवावयास सरला, तों बबनराव कुजबुजले, "काय रे, दत्तक जातोस का?" आणि बाराही खुर्च्या हसल्या. मग ठाणेदार जयसिंगराव शांतपणे बोलले, "हळवा आहे. घरी पाठवा याला." घर म्हणताच मामासाहेब डोळ्यांपुढे उभे राहिले. मकरंदराव म्हणाले, "जेवलो, काकू. आता सहा आकडे आले असतील, ते सांगा." बाईंनी आकडे सावकाश सांगितले, आणि ऐकण्यात चूक नको म्हणून पुन्हा एकदा सांगितले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेस ठेविलेला ऐवज सारा गेला.

मग देव्हाऱ्यापुढे मकरंदरावांस शाल व श्रीफळ देऊन जयसिंगराव बोलले, "असा सालस आवाज आपल्याकडे दुसरा नाही." टाळ्या जाहल्या. पदवीच्या दिवशीही इतक्या जाहल्या नव्हत्या. आणि मातोश्रींनी शाल शेजारणीस दाखवून सांगितले, "कंपनीत सत्कार झाला."

येथवर पाहिले ते लिहिले. पुढील मासाचा गोषवारा इतकाच: मकरंदरावांनी केलेले फोन चारशे बारा, फत्ते झालेले एकोणीस, आपणहून मध्येच ठेवलेले शून्य.