नमुन्याचा खुराक

सकाळी ज्योतीराम मळ्यात गेला तर पहिल्या वाफ्यात कोबीच्या रोपांच्या जागी नुसत्या काड्या उभ्या. एकूण पाच वाफे होते त्याचे, पिंपळे गुरवला. पिंपरीच्या नव्या कंपनीच्या कँटीनला संक्रांतीपासून कोबी घालायचं त्यानं कबूल केलेलं. माल वेळेवर पोचला तर वर्षभराची भाजी त्याच्याकडनं जाणार. नाहीतर चिंचवडचा एक बागाईतदार टपून बसलाच होता.

त्यानं पालापाचोळा उचकला. खाली बोटाएवढी, काळपट, चपलेच्या तुटक्या तळव्यासारखी गोगलगाय. पाठीवर शंखच नाही.

"घर इसरून आलीय जनू," त्याची बायको अंबूबाई म्हणाली आणि मीठ टाकून तिनं ती संपवली. नंतर आणखी सतरा संपवल्या.

पण सगळ्या वाफ्यांत मीठ टाकलं तर रोपंच जळतील. म्हणून ज्योतीराम कीड मारायची पावडर मागायला शेतकी कचेरीत गेला. तिथं हिंदुराव साहेब.

"किडीचं नाव काय?"

"नाव इचारायच्या आतच मेली, साहेब."

"बिननावाच्या किडीला खात्यात औषध नसतं. जिवंत नमुना धरून ठेवा. सोमवारी येऊन बघतो."

आता जिवंत गोगलगाय आणायची कुठून? तीन दिवस दोघं वाकून वाकून शोधत होते.

"सगळ्या कशाला मारल्यास गं?"

"मग काय आरती ओवाळायची हुती व्हय त्यांची?"

शेवटी वाफ्यांत ओली पोती अंथरली, तेव्हा एक सापडली. ती लोणच्याच्या बरणीत ठेवली. बरणी धुतली होती, पण कडेला मीठ राहिलं असणार. दुपारपर्यंत नमुन्याचं पाणी झालं. दुसरी मिळाली ती चहापत्तीच्या बरणीत घातली आणि झाकणाला भोकं पाडली.

हिंदुराव त्या सोमवारी आले नाहीत. पुढच्याही नाही. तोवर नमुना जगवायला हवा. गवत दिलं, भोपळ्याचा पाला दिला, बाईसाहेब तोंड फिरवायच्या. कोवळा कोबी तेवढा चालायचा. मग अंबूबाई रोज स्वतःच्या हातानं रोपं उपटून बरणीत घालायला लागली. एखादी मेली तर दुसरी हाताशी असावी म्हणून ओली पोती तशीच ठेवली, आणि पोत्यांखालच्या भावकीनं उरलेले वाफे साफ केले.

तिसऱ्या सोमवारी हिंदुराव उगवले. बरणी उजेडात धरून खूश झाले.

"नमुना छान पोसलाय."

"मग पावडर?"

"पावडर उभ्या पिकाला मिळते. तुमचं पीक कुठंय?"

"हिच्या पोटात."

"तसं लिहितो. पण वरचे साहेब बघेपर्यंत ही जगली पाहिजे. कचेरीत जागा नाही, राहू द्या इथंच. खाते काय?"

ज्योतीरामच्या तोंडात जे आलं होतं ते कागदावर लिहिण्यासारखं नव्हतं. अंबूबाई त्याला मागं सारून पुढं आली.

"कोबीची रोपं, साहेब. दुसऱ्या कशाला तोंड लावत न्हाई."

"किती लागतात?"

तिनं मळ्याकडं बोट केलं. "ती बघा की. पाच वाफं हुतं."

हिंदुरावांनी पाचही मोकळे वाफे मोजले. पुरावा डोळ्यांसमोर होता. त्यांनी लिहून घेतलं.

चौथ्या दिवशी सरकारी रोपवाटिकेतनं बैलगाडी आली. ओल्या गोणपाटात बांधलेल्या रोपांच्या जुड्या, वर चिठ्ठी: नमुन्याच्या आहारासाठी. दोघांनी पोती काढून फेकली, संध्याकाळपर्यंत रोपं लावली आणि वाफ्यांभोवती चुलीतली कोरडी राख पसरली. राख पहिल्या दिवशीही चुलीतच होती, पण तिच्यासाठी अर्ज लागत नव्हता म्हणून कुणाला सुचली नाही.

रोपं तरारली. त्या गडबडीत बरणीकडं बघायचं राहिलं आणि नमुना वाळून मेला.

"कळवाया पायजे," ज्योतीराम म्हणाला.

तेवढ्यात कचेरीचं कार्ड आलं: नमुन्याची प्रकृती कशी आहे, त्वरित कळवावे.

अंबूबाईनं त्याला पाटावर बसवलं, हातात टाक दिला आणि एकेक शब्द सांगितला.

"लिवा. प्रकृती उत्तम. भूक वाढली आहे."