हेदरविकचे थोर पुरुष

गावाला इतिहास नसला तरी चालतं, कमिटी असावी लागते. आमच्या अंधेरीच्या हेदरविक सोसायटीला सुदैवाने ती पहिल्यापासून आहे. सेक्रेटरी श्यामकांत प्रधान यांच्याकडे बिस्किटांचा एक विलायती डबा होता. झाकणावर हेदरविक नावाचं इंग्लंडातलं खेडं: उतरत्या छपरांची घरं, तळं, बदकं, मधोमध विहीर. अडुसष्ट साली ते नाव सोसायटीला एकमताने देण्यात आलं. (एक सभासद विरोधात होते, ते झोपले आहेत असं धरण्यात आलं.)

त्या जागी पूर्वी चिंचपाखाडी नावाची जुनी वस्ती होती. तिथेही उतरत्या छपरांची घरं, तळं, बदकं आणि विहीर होती. हेदरविक उभं राहावं म्हणून ते सगळं पाडण्यात किंवा बुजवण्यात आलं. विहीर तेवढी ठेवली, कारण ती झाकणावर होती.

नावाच्या इतिहासाला थोर पुरुष लागतात. पहिले, झाकणावर बदकांना पाव टाकणारे गृहस्थ. दुसरे, प्रधान. तिसरे नंदकिशोर वैद्य, ज्यांचं विमान एकदा लंडनला खोळंबलं होतं. चौथा मी, कारण इतिहास मी लिहिला.

फाटकाबाहेर पाखाडीचं एकच घर उरलं होतं, कॉन्सेप्टाबाईंचं. त्यांच्या मुलीचं, एमिलियाचं लग्न ठरलं. पाखाडीतल्या ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत गावच्या विहिरीवर जातात आणि नवरीच्या अंघोळीला पाणी आणतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. बाई परवानगी मागायला आल्या. कमिटीने सहानुभूतीपूर्वक विचार करून कळवलं, की बाहेरच्यांनी विहिरीला हात लावण्याची हेदरविकमध्ये प्रथा नाही. (डबा पुन्हा तपासण्यात आला होता.)

"ही बाव माज्या सासऱ्यानं खनली," बाई म्हणाल्या. "मंग बाहेरची मी कशी?"

हा मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता.

तरीही त्या दिवशी बँड आला. नटलेल्या बायका घागरी घेऊन बंद फाटकापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. बाईंनी रिकामी घागर एकदा खाली ठेवली, पुन्हा उचलली. शेवटी रस्त्यावरच्या नळाचं पाणी भरून मिरवणूक परतली. आम्हाला फार वाईट वाटलं, आणि तशी इतिवृत्तात नोंद घेण्यात आली.

थोर पुरुषांत पाचवी जागा रिकामी आहे. अट एकच: आपल्या इमारतीखाली कुणाची विहीर आहे, हे उमेदवाराला ठाऊक नसावं. वाचकहो, आपण अर्जाची तसदी घेऊ नका. आपली निवड बिनविरोध झाली आहे.