उमेदवार क्रमांक सात

आमच्या महाविद्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, दहा बाय बाराची एक खोली आहे. ती रिकामी करून तिथे ‘गुणवत्ता संवर्धन कक्ष’ स्थापन करण्याचा ठराव नियामक मंडळाने एकमताने मंजूर केला. मी या महाविद्यालयाचा मुख्य लिपिक. ठराव मीच टंकलिखित केलेला असल्यामुळे त्याच्या खरेपणाबद्दल कुणी शंका घेऊ नये.

त्या खोलीत शेवाळबाई बसत. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना शेवाळबाईच म्हणत, आणि त्याही त्याला ओ देत. खोलीत काचेच्या तीनशे चाळीस बश्या होत्या आणि प्रत्येक बशीत शेवाळ. बाई रोज दोन वेळा एकेक बशी भिंगाखाली धरत आणि वहीत नोंद करत. असं बावीस वर्षं. उत्तरेच्या खिडकीतून येणारा मंद उजेड सोडला तर त्या शेवाळाला काहीच मानवत नसे. जागा बदलली की शेवाळ मरणार, आणि शेवाळ मेलं की बावीस वर्षं वाया. गुणवत्ता कक्षात मात्र एक टेबल, एक खुर्ची आणि एक पाटी एवढंच ठेवायचं होतं.

“मग तो तळमजल्यावर करू या ना, साहेब,” मी प्राचार्यांना सुचवून पाहिलं.

“अहो, तपासणी पथक जिन्याने वर येतं. समोरच गुणवत्ता दिसली पाहिजे. शेवाळ दिसून कसं चालेल?”

माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, नियमाशी घालावा. मी तीन दिवस नियमपुस्तिका चाळली आणि चौदावं कलम हाती लागलं. उच्च शिक्षण व वैज्ञानिक संशोधनाचा राष्ट्रीय सन्मान मिळालेल्या व्यक्तीची कामाची जागा तिच्या सेवाकाळात बदलता येत नाही. म्हणजे बाईंना सन्मान मिळाला की खोली वाचली. नामांकनाची मुदत संपायला नऊ दिवस होते. प्राचार्य सहीला लगेच तयार झाले, कारण सन्मानितांच्या संस्थेला दारावर लावायला पितळी फलक मिळतो, हे मी त्यांच्या कानावर घातलं होतं.

अर्जात संशोधनाच्या सारांशाला चाळीस शब्दांची जागा होती. ‘शेवाळाविषयी संशोधन’ एवढं लिहून माझी गाडी अडली, म्हणून ‘मोलाचे’, ‘भरीव’, ‘दिशादर्शक’ अशी विशेषणं घालून मी चाळीस पुरे केले. ‘संस्थाप्रमुखांनी दिलेले प्रोत्साहन’ या रकान्याला मात्र अकरा पानं होती. तो मजकूर प्राचार्यांनी स्वतः सांगितला आणि मी उतरवून घेतला. अर्जाला बाईंचे निबंध आणि त्यांच्या वहीची काही पानं जोडली. उमेदवार हयात असल्याचा दाखलाही लागत होता. बाई माझ्या टेबलासमोरच उभ्या होत्या, पण त्यांच्यावर शिक्का नसल्याने तो पुरावा ग्राह्य धरता येत नव्हता. दाखला यायला सहा दिवस लागले. तेवढे दिवस बाई माझ्या परवानगीने हयात राहिल्या.

दीड महिन्याने बाईंच्या नावे एक मोहोरबंद पाकीट आलं. सन्मान विभागाने त्यांना ‘विषयतज्ज्ञ’ म्हणून नेमलं होतं. सोबत जोडलेलं एका उमेदवाराचं काम वाचून शंभरपैकी गुण द्यायचे होते. उमेदवाराचं नाव काळ्या शाईने झाकलेलं, वर लिहिलेलं, ‘उमेदवार क्रमांक सात’.

बाईंनी पहिलं पान उलटलं आणि ते माझ्यासमोर धरलं. “अहो, हे तर माझंच आहे!”

“बाई, नाव झाकलेलं आहे. नियमाप्रमाणे तुम्हाला ते कळलेलं नाही.”

“वहीच्या पानांवरचं माझं अक्षर मला कळणार नाही? हा डागसुद्धा माझ्या चहाचा आहे.”

झालं होतं ते असं. देशात शेवाळाचे जाणकार पाच. त्यातले तिघे बाईंचे विद्यार्थी, एक त्यांच्यासोबत निबंध लिहिणारे. उमेदवाराचे विद्यार्थी, सहलेखक, गुरू, नातेवाईक आणि मित्र तज्ज्ञ म्हणून चालत नाहीत. यंत्रणेने ही सगळी नावं काटेकोरपणे वगळली. खुद्द उमेदवार चालत नाही, असं मात्र नियम करणाऱ्यांनी कुठेच लिहिलं नव्हतं. इतकं कुणाला सुचतं?

बाईंनी माझ्याच टेबलावरून विभागात फोन लावला. अधिकारी मोठे नम्र होते.

“उमेदवाराविषयी फोनवर बोलता येत नाही, मॅडम.”

“अहो, पण उमेदवार मीच आहे.”

“मग तर मुळीच बोलू नका. उमेदवाराने तज्ज्ञाशी संपर्क साधल्यास उमेदवारी रद्द होते.”

“तज्ज्ञही मीच आहे!”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग अधिकाऱ्यांनी हळू आवाजात विचारलं, “तुम्ही दोघी एकमेकींना ओळखता का?”

बाईंनी कपाळाला हात लावला. “मी नकार दिला तर?”

“तज्ज्ञाअभावी प्रस्ताव निकाली निघेल. त्यापेक्षा वाचून टाका ना, मॅडम. बाकीचे तज्ज्ञ न वाचताच पाठवतात, तुम्ही तर आधीच वाचलेलं आहे.”

मला त्या माणसाचं म्हणणं पटलं. आयती संधी चालून आली होती. मी बाईंना म्हणालो, “शंभर देऊ नका, बरं दिसत नाही. अठ्ठ्याण्णव द्या. पंचाहत्तरच्या वर खोली आपली.”

बाई पाकीट घेऊन घरी गेल्या आणि आठ दिवसांनी त्यांनी अहवाल माझ्या टेबलावर ठेवला. तीन पानं, दोन्ही बाजूंनी. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा जगाचा न्याय. बाईंनी आपल्याच बाब्याला धरून धुतलं होतं. चौथ्या निबंधात तापमानाच्या नोंदी अपुऱ्या, सहाव्यात निष्कर्षाची घाई. शेवटी शिफारस होती, ‘उमेदवाराने हेच काम याच जागी आणखी दहा वर्षं करावं.’ आणि गुण एकसष्ट.

“बाई!” मी जवळजवळ ओरडलोच. “आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा? शत्रूनेसुद्धा इतकं केलं नसतं!”

“शत्रूने चौथा निबंध वाचला नसता,” बाई शांतपणे म्हणाल्या. “त्यात खरंच चूक आहे हो. बरेच दिवस मनात होतं, कुणाला तरी सांगायचं. कुणी विचारलंच नाही.”

“निदान शहात्तर तरी करा. एकच आकडा बदलायचा आहे.”

“आज गुण बदलले, तर उद्या वहीतला आकडा बदलायला किती वेळ लागेल?”

मी रागारागाने पाकीट बंद केलं. घरी बायकोला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, “तुम्ही असता तर एकशे दहा दिले असते.”

निकाल आला. उमेदवार क्रमांक सात बाद. इतर सर्व उमेदवारांना त्यांच्या तज्ज्ञांनी ‘उत्कृष्ट’ या एका शब्दात नव्वदच्या वर गुण दिले होते. पण प्रस्ताव वाया गेला नाही. त्यातली अकरा पानं समितीला इतकी भावली की ‘संशोधनास पोषक नेतृत्व’ या वर्गात आमच्या प्राचार्यांना राष्ट्रीय सन्मान जाहीर झाला. चौदावं कलम लागू झालं. आता प्राचार्यांची खुर्ची त्यांच्या निवृत्तीपर्यंत कुणालाही हलवता येणार नाही.

बाईंनाही पत्र आलं. सन्मानाच्या इतिहासात एखाद्या तज्ज्ञाने प्रस्ताव वाचल्याची ही पहिलीच वेळ असल्यामुळे विभागाने त्यांची कायमस्वरूपी तज्ज्ञ म्हणून नेमणूक केली होती. कायमस्वरूपी तज्ज्ञाला पुढे कधीही उमेदवार होता येत नाही, हे खाली बारीक अक्षरात होतं. बाईंनी सगळ्यात आधी तेच वाचलं.

सत्काराच्या दिवशी सकाळी खोली रिकामी झाली. मी आणि बाईंनी बश्या जिन्याखाली आणून ठेवल्या, ओली फडकी टाकली. पाहुण्यांच्या वाटेत येतात म्हणून त्या दुपारी मागच्या अंगणात उन्हात गेल्या. संध्याकाळपर्यंत शेवाळ पिवळं पडलं. बाई एकेक बशी उचलून भिंगाखाली धरत होत्या आणि वहीत लिहीत होत्या, ‘मृत’, ‘मृत’, ‘मृत’. तीनशे चाळीस वेळा, एकही ओळ न गाळता. वर सभागृहात टाळ्या चालल्या होत्या आणि गुणवत्ता कक्षाची फीत कापली जात होती.

एक वार्ताहर खाली आला. त्याने बाईंना दोन प्रश्न विचारले, “सरांचं मार्गदर्शन कसं असतं?” आणि “तुम्हाला आज कसं वाटतंय?” उत्तरं लिहून घेऊन तो चहाला गेला.

त्या रात्री मी हिशोब मांडला. बाईंचे निबंध अकरा वर्षं मीच टंकलिखित केले. प्राचार्यांनी त्यांच्या अर्जासाठी अकरा पानं सांगितली. समितीने निकाल दिला, वार्ताहराने बातमी छापली. पण त्या बाईने बावीस वर्षांत नेमकं शोधलं काय, हे आमच्यापैकी एकानेही त्यांना विचारलं नाही. मला लाज वाटली, सरळच सांगतो. दुसऱ्या दिवशी जाऊन मी विचारलं, आणि त्यांनी दीड तास सांगितलं.

तुम्हीही इथवर आलात. खोलीचं काय होणार याची तुम्हाला काळजी लागली असेल, अधिकाऱ्याच्या बोलण्याला तुम्ही हसलाही असाल. पण शेवाळात काय सापडलं, हा प्रश्न तुमच्या मनात तरी आला होता का? बाईंना गुण किती मिळाले, ते मात्र तुम्ही आत्ता झोपेतसुद्धा सांगाल.