मेहुण्यांच्या पश्चात

मी उभ्या आयुष्यात ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांच्यापैकी एकानेही कधी तक्रार केलेली नाही. असा दावा करणारा दुसरा लेखक असेल तर त्याने समोर यावं! मी एका दैनिकात निधनवार्ता लिहीत असे. नोकरीला लागलो तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत तेच टेबल आणि तीच खुर्ची, गिऱ्हाईक मात्र रोज नवं. कचेरीत मला चित्रगुप्त म्हणत.

निवृत्तीनंतर मी घरात बसून बायकोच्या प्रत्येक कामात सूचना करत असे. बहुधा त्यालाच कंटाळून तिने एक दिवस विषय काढला. बाजारामागच्या वस्तीतली काही मुलं शाळा अर्धवट सोडून घरी बसली होती. हल्ली म्हणे कॉम्प्युटरवर लिहून पैसे मिळतात. कुणाला वस्तूंची माहिती लिहून हवी असते, कुणाला दुकानाची. मुलांना कुणी लिहायला शिकवलं तर चार पैसे मिळवतील.

"लिहिणं ना? हातचा मळ आहे माझ्या! महिन्याभरात पोरं कमावती करून दाखवतो," मी म्हणालो.

"तुम्ही जन्मभर एकच प्रकार लिहिलात."

"पण तक्रार आली का एक तरी?"

यावर ती गप्प बसली. ती गप्प बसली की आपण जिंकलो असं समजायची मला सवय आहे.

जागा मेहुण्यांनी दिली. मेहुणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. त्यांचं घरसामानाचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर माल ठेवायची खोली, तिथे त्यांनी दोन जुने कॉम्प्युटर मांडून दिले आणि देताना तासभर ओरडले. वायरी ओढू नका, गाद्यांवर शाई सांडू नका, पंखा उगाच चालू ठेवू नका! मेहुणे काहीही देताना ओरडतात. मुलं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या नव्या गाद्यांवर बसत. कुणी जरा हललं की करकर आवाज होई, त्यामुळे कुणाचं लक्ष उडालं ते मला लगेच कळे.

मुलांत एक होता मुनी. तो बोलतच नसे. एक पंक्चर, तो सकाळी सायकलच्या दुकानात काम करून यायचा. आणि एक होती ठिणगी. हे नाव वस्तीनेच ठेवलेलं. तिची आई इस्पितळात झाडलोट करायची. पहिल्याच दिवशी ती माऊली जिना चढून वर आली, गाद्या बघितल्या, मला बघितलं आणि म्हणाली, "मास्तर, मला खोटं बोलता येत नाही. लिहून पोट भरतं यावर माझा विश्वास नाही. महिनाअखेर हिने स्वतःची एक तरी कमाई आणून दाखवावी. नाहीतर पिशव्यांच्या कारखान्यात जागा आहे, मी सांगून ठेवलंय."

ठिणगी मान खाली घालून उभी होती. तिचे बोलायचे दिवस असे खाली मान घालण्यात जाऊ नयेत असं मला फार वाटलं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "ताई, ही जबाबदारी माझी!"

आता शिकवायचं काय? मला जे येत होतं ते मी शिकवलं. कुठलाही मजकूर चार खांबांवर उभा असतो, असं मी फळ्यावर लिहिलं. आधी गुण. मग सेवा. मग पोकळी. आणि शेवटी पश्चात. मुलांनी वहीत उतरवून घेतलं.

"सर, हे सगळ्याला चालतं?" पंक्चरने विचारलं.

"माणूस असो नाहीतर मिक्सर," मी म्हणालो.

पहिलं काम आयतंच चालून आलं. मेहुण्यांनी दुकानाची वेबसाइट काढायची ठरवली. प्रत्येक वस्तूबद्दल चार ओळी हव्या होत्या. "बाहेरच्याला द्यायचे ते पैसे तुमच्या पोरांना देतो, पण काम नीट झालं पाहिजे!" ते ओरडले आणि गाल धरून खाली बसले. त्यांची अक्कलदाढ दुखत होती.

मुलांनी जीव ओतला हो! मुनीने छताच्या पंख्यावर लिहिलं, 'अत्यंत साधी राहणी. जन्मभर दुसऱ्यांसाठी फिरत राहिला, पण जागा सोडली नाही.' पंक्चरने गादीवर लिहिलं, 'तिने अखेरपर्यंत कुणाचंही ओझं नाकारलं नाही. तिच्या पश्चात दोन उशा आणि एक चादर असा परिवार आहे.' मी वाचता वाचता चष्मा पुसला. एवढ्या थोड्या दिवसांत ही समज! मी फक्त स्वल्पविराम सुधारले.

मालकांची माहिती मात्र मी स्वतः लिहायला घेतली. मुलांना कळू दे, मुरलेला हात कसा चालतो ते. एका बैठकीत मजकूर उतरला. हसतमुख, मनमिळाऊ, ग्राहकांचा आधारवड. व्यापारी वर्तुळात कधीही भरून न निघणारी पोकळी. पश्चात पत्नी, एक मुलगा, सून, बहीण आणि मेहुणे. सोबत मेहुण्यांचा एक गंभीर चेहऱ्याचा फोटो निवडला आणि शोभून दिसावा म्हणून काळा-पांढरा करून घेतला.

ठिणगी पडद्याकडे बघत राहिली. "सर, मालक तर खाली बसलेत."

"मग?"

"मग पश्चात कसं?"

"पश्चात नसेल तर मजकूर संपला हे वाचकाला कळणार कसं?"

हे तिला पटलेलं दिसलं नाही. "आणि सर, मालक हसतमुख कुठे आहेत?"

"नंतर सगळेच असतात."

"मी यात दोन ओळी घालू?"

"घाल की! शिकायचंच आहे तुला," मी उदारपणे म्हणालो आणि चहा प्यायला खाली गेलो. संध्याकाळी पान वेबसाइटवर चढलं. त्याच संध्याकाळी मेहुण्यांनी अक्कलदाढ काढून घेतली.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. सकाळी गाद्यांच्या घाऊक व्यापाऱ्याने ते पान वाचलं आणि हादरून मेहुण्यांच्या घरी फोन लावला. फोन वहिनींनी उचलला. त्यांनी वेबसाइट पाहिलीच नव्हती.

"वहिनी, हे काय झालं हो!"

"काय सांगू, फार त्रास झाला. दोन दिवस तळमळत होते. काल संध्याकाळी सुटले एकदाचे."

"आणि तुम्ही? सावरलात ना?"

"मला काय झालंय? आज तर स्वयंपाकही निम्माच. त्यांना काही लागणार नाही."

व्यापाऱ्याने फोन ठेवला आणि तडक फुलवाल्याकडे गेला.

मी नेहमीसारखा वर्गावर निघालो तर दुकानापुढे ही गर्दी! दारात पांढऱ्या फुलांचं मोठं चक्र. नोकर डोळे पुसत होते आणि डोळे पुसता पुसता एक कपाट उचलून बाहेर नेत होते. त्या कपाटासाठी एका बाईंनी आगाऊ रक्कम भरली होती. मालकच गेले, आता कपाट कोण देणार, म्हणून त्या हातगाडी घेऊनच आल्या होत्या. त्यांचं बघून एक गृहस्थ खुर्ची घेऊन चालले होते. त्यांनी काहीच भरलं नव्हतं, पण दुःखात कोण विचारतो! आणि मधोमध, नव्या सोफ्यावर, 'समोरचे' हुंदके देत बसले होते. समोरचे म्हणजे समोरच्या दुकानाचे मालक. कुणाची पाटी कुणाच्या पाटीला झाकते यावरून मेहुण्यांशी त्यांचा कित्येक वर्षं अबोला होता.

गर्दी बघून माझा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. "कोण गेलं?" मी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "तुम्हाला माहीत नाही? तुमचे मेहुणे!"

काल तर चहा प्यायलो होतो एकत्र! मी समोरच्यांच्या शेजारी सोफ्यावर कोसळलो आणि आम्ही दोघे एकमेकांना धरून रडलो. "असं... असं कसं झालं?" मी विचारलं.

"वेबसाइटवर सगळं दिलंय. कुणी लिहिलंय देव जाणे, पण काळजाला हात घातलाय," समोरचे म्हणाले आणि त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

मी वाचू लागलो. डोळे भरून येत होते. खरंच, सुरेख लिहिलं होतं. आधारवडापर्यंत आलो आणि शैली ओळखीची वाटू लागली. पोकळीपाशी मला दरदरून घाम फुटला.

तेवढ्यात बायको रिक्षातून उतरली. तिला तिच्या मावसबहिणीचा फोन आला होता. तिने फुलांचं चक्र पाहिलं, रडणारे नोकर पाहिले, मग माझा चेहरा पाहिला आणि तिचं रडू जागच्या जागी थांबलं. "तुम्ही काय लिहिलंत?" तिने विचारलं.

मी उत्तर देणार, इतक्यात मेहुणे आले. एक गाल टम्म सुजलेला, तोंडात कापूस कोंबलेला, मागे पिशवी घेतलेल्या वहिनी. दारातल्या चक्रावर त्यांनी स्वतःचं नाव वाचलं. शेजारून त्यांचं कपाट गेलं. गर्दीतून एक किंकाळी उठली आणि खुर्चीवाले गृहस्थ खुर्ची टाकून पळाले.

मेहुण्यांना ओरडायचं होतं. इतकं ओरडायचं कारण त्यांना आयुष्यात प्रथमच मिळालं होतं आणि तोंडात कापूस होता!

"ऊं! ऊं ऊं! ऊंऊंऊं!"

"ते म्हणतायत, भावोजी, खोली आजच रिकामी करा," वहिनींनी सांगितलं.

"एवढंच म्हणाले?"

"बाकीचं मी सांगणार नाही."

मुलं जिन्यात उभी होती. मुनी आणि पंक्चर मुकाट्याने वर जाऊन वायरी गुंडाळू लागले. ठिणगी तिथेच उभी राहिली. महिना संपत आला होता. "सर, मग मी सोमवारपासून कारखान्यात जाते," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. इतकी वर्षं मी लोकांचं दुःख छापत आलो, पण स्वतःच्या हाताने कुणाला दिलं नव्हतं. मला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

मेहुणे काउंटरवर बसून गुन्ह्याचा पुरावा वाचत होते. वाचता वाचता एका ठिकाणी थांबले. परत वरून वाचू लागले, परत तिथेच थांबले. मग त्यांनी बोट पडद्यावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहून भुवई उडवली. मी वाकून पाहिलं. त्या ओळी माझ्या नव्हत्या.

'खरं म्हणजे मालक हसतमुख मुळीच नव्हते. वस्तीतल्या कुणाची खुर्ची मोडली की ते आधी त्या माणसावर ओरडत आणि मग खुर्ची फुकट ठोकून देत. त्यांचं ओरडणं रस्ताभर ऐकू जाई. फुकटचं मात्र ते कुणाला सांगत नसत.'

"ते मी घातलंय. आमची खुर्ची होती," ठिणगी म्हणाली.

मेहुण्यांनी रुमाल काढला आणि सुजलेल्या गालाला लावला, पण तो डोळ्यांपर्यंत गेला हे सगळ्यांनी पाहिलं.

"खरंय! माझ्या आईची आरामखुर्ची यानेच ठोकून दिली होती. नंतर आम्ही पाटीवरून भांडलो," समोरचे सोफ्यावरून म्हणाले. मग ते उठून ठिणगीसमोर आले. "पोरी, माझं लिहिशील?"

"तुमचं? पण तुम्ही..."

"आहे ना, म्हणूनच! माझी मुलं मागाहून काय लिहिणार ते मला ठाऊक आहे. त्यांना माझा वाढदिवस आठवत नाही. मला माझ्या डोळ्यांनी वाचायचंय. जे होईल ते देतो."

"ऊं ऊं!" मेहुणे काउंटरवरून उसळले.

"ते म्हणतायत, ह्याचं त्यांच्यापेक्षा लांब व्हायला नको," वहिनी म्हणाल्या.

"मग दुप्पट लांब लिही आणि दुप्पट घे!" समोरचे म्हणाले आणि त्यांनी सगळ्यांसमोर तिच्या हातात नोटा ठेवल्या.

संध्याकाळी ठिणगीची आई जिना चढून आली. नोटा तिने उजेडाकडे धरून पाहिल्या. "काय लिहिलंस?"

"माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल जे बोलायचं, ते आधीच लिहून द्यायचं."

आईने जरा विचार केला. "मी इस्पितळात आहे, मला विचार. हे काम कमी पडायचं नाही," ती म्हणाली आणि पिशव्यांच्या कारखान्यात नाही सांगायला गेली.

खोली मेहुण्यांनी राहू दिली. कापूस निघाल्यावर त्यांनी साठलेलं सगळं ओरडून घेतलं आणि एकच अट घातली, भावोजींनी कीबोर्डला हात लावायचा नाही. मुलांनी स्वतःचं पान काढलं. कुठून कुठून लोक विचारणा करतात. मुनी घरी जाऊन माणसाशेजारी नुसता बसतो, लोक आपणहून सगळं सांगतात. पंक्चर पैशांचं बघतो. ठिणगी लिहिते. फळ्यावरचे माझे चार खांब तिने पुसले. आता तिथे एवढंच लिहिलंय, 'आधी विचारा.'

आणि मी? मी खाली मेहुण्यांशेजारी बसून चहा पितो. गेल्या आठवड्यात मनात आलं, इतक्यांचं लिहिलं, आपलंही एकदा वाचावं. मी मुद्दाम स्वच्छ सदरा घालून वर गेलो. म्हटलं, गुरूचं काम आहे, पोरगी हातातलं टाकून लिहायला घेईल.

ठिणगीने मान वर केली, मला खुर्ची दिली आणि यादी पाहिली.

"सर, पुढे बरेच नंबर आहेत," ती अदबीने म्हणाली. "तुम्हाला काही घाई आहे का?"

मी जरा विचार केला आणि नाही म्हणालो.