वीस फूट आतड्याचे दामूकाका

आमच्या शेजारचे दामूकाका कोणालाच 'बरं आहे ना?' असं विचारत नाहीत. समोरून माणूस आला की हातातली काठी रोवून उभे राहतात, त्याच्या तोंडाकडे न बघता पोटाकडे बघतात आणि खड्या आवाजात म्हणतात, "काय रे, साफ झाली का?" मग तो सरपंच असो नाहीतर एसटीतून उतरलेला पाहुणा. एकदा मांडवाच्या दारात नवरदेवालाच विचारलं. तो बिचारा घाबरून "हो" म्हणाला. "मग भ्यायचं नाय, चढ बोहल्यावर," काका म्हणाले आणि बाजूला झाले.

आमचं गाव वैशाखऱ्याच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी. काका तीस वर्षं मुंबईच्या एका मोठ्या मेडिकल कॉलेजात शिपाई होते. मेलेल्या माणसांची शरीरं कापून शिकवतात त्या हॉलमध्ये. देह टेबलावर आणून ठेवायचा, शिकवणं झालं की झाकून परत न्यायचा. सर पोरांना शिकवायचे आणि काका बादली धरून मागे उभे राहून ऐकायचे. "पोरं पास होऊन डॉक्टर झाली," ते सांगतात, "मी तीस वर्षं त्याच वर्गात."

गावदेवीला बकरा पडला की वजडी साफ करायचं काम काकांचंच. वजडी म्हणजे बकऱ्याचं पोट आणि आतडी. दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही. ते आतडं उलगडून अंगणभर ताणतात, एक टोक स्वतः धरतात, दुसरं जो कोणी सापडेल त्याच्या हातात देतात आणि वर्ग सुरू.

"बकऱ्याला चार कप्प्यांचं पोट. माणसाला एकच, ते पण सांभाळता येत नाय. माणसाचं लहान आतडं वीस फूट, मोठं पाच फूट. वीस फुटाला लहान म्हणायचं आणि पाच फुटाला मोठं! का? तर ते रुंदीला मोठं. आहे का न्याय?"

चुलीपाशी बायका मसाला वाटून ताटकळलेल्या. माझी सासू एकदा ओरडली, "दामूभावजी, ती शिजवायचीय, शिकवायची नाय!"

"शिजवा गो, पण आधी तिला समजून घ्या," काका म्हणाले.

सासू त्यांना वेडा म्हणायची. मला मात्र ते बोलायला लागले की हातातलं सूप तसंच राहायचं. घास घशातून खाली कसा जातो, माणूस उलटा टांगला तरी तो पोटातच कसा जातो. पोटातलं आम्ल इतकं कडक की हाडाचा तुकडा विरघळवेल. "मग पोट स्वतःच कसं जळत नाय?" काका विचारायचे आणि सगळ्यांकडे बघायचे. "कारण आतून सारवलेलं असतं. तुमी शेणानं जमीन सारवता ना, तसं. आणि देव ते सारवण दर चार दिवसांनी नवं करतो. तुमी सणासुदीला करता." पुढे लहान आतडं. ते म्हणजे माळशेजचा घाट, वळणावर वळण, आणि प्रत्येक वळणावर काहीतरी उतरवून घेतलं जातं. मी भाकरी खाताना थांबायची. माझ्या आत एवढं मोठं काम चाललंय आणि मला आवाजसुद्धा येत नाही, याचंच नवल वाटायचं.

पण माझ्याशी ते बोलायला आले की मी पदर ओढून आत पळायची. काका कुंपणावरून विचारणार आणि मी आतून कडी लावणार, असं सात वर्षं चाललं.

आमच्याकडे आवणीत, म्हणजे भाताची रोपं लावायच्या दिवसांत, बायका दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. कंबर मोडते. मग दुकानातल्या दुखण्याच्या गोळ्यांची पुडी सुपारीसारखी हातोहात फिरते. उजाडायच्या आत कोरा चहा आणि त्यावर गोळी. पोटात अन्न जाणार ते दहा वाजता, बांधावर. सगळ्याच घेतात, मीही घ्यायची. त्या वर्षी पोटात आग पडायला लागली. आगीवर म्हणून आणखी एक गोळी घेतली. मग एक दिवस शौचाला काळं झालं. चार दिवस काळंच. हे कोणाला सांगायचं? आमचे हे शहापूरकडे कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी. सासूला सांगायला जीभ उचलेना.

पाचव्या दिवशी काका सासूकडे चहाला बसले होते. मी कप पुढे केला. त्यांनी कप घेतला नाही. माझ्या पांढऱ्या पडलेल्या नखांकडे बघत राहिले.

"गो सुमन," ते हळूच म्हणाले. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "काळी होते का? डांबरासारखी?"

मला जमीन दुभंगावी असं झालं. ते उठले, माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "मी बघत नाय. होत असेल तर कप खाली ठेव."

मी कप खाली ठेवला. जमिनीला लागून तो वाजला.

"वयनी, हिला आत्ताच्या आत्ता न्यायची. आत रक्त वाहतंय."

"अहो, अर्धी आवणी राहिलीय! नजरेचं असेल, मीठ-मिरच्या ओवाळते."

"ओवाळा. जीप येईपर्यंत ओवाळा."

आणि ते उंबऱ्यावर बसले. सासूने रोपं सुकतील म्हणून सांगितलं, बायका हसतील म्हणून सांगितलं. काका हलले नाहीत. शेवटी तिनंच माझी पिशवी भरली.

मुरबाडला डॉक्टरांनी डोळ्याची पापणी ओढून बघितली आणि थेट कल्याणला पाठवलं. तिथे रक्ताची बाटली लावली. घशात फवारा मारून तो बधिर केला आणि कुशीवर निजवून तोंडातून टोकाला कॅमेरा असलेली काळी नळी आत सोडली. माझे डोळे पाण्याने भरलेले. सोबत घरचं माणूस म्हणून काका दाराशी उभे होते. तरुण डॉक्टरने विचारलं, "आजोबा, चक्कर येईल. बाहेर बसता का?"

"मला? साहेब, तीस वर्षं डिसेक्शन हॉलला होतो. पण सगळी मेलेली."

 डॉक्टरने टीव्हीसारखा पडदा थोडा त्यांच्याकडे फिरवला. "या, मग हे बघा."

मला पडदा दिसत नव्हता. मला काका दिसत होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरली.

"गुलाबी आहे," ते म्हणाले.

"हो. आणि हा बघा अल्सर. इथून रक्त येत होतं."

काकांनी जखम बघितली, पण नजर पुन्हा पुढे गेली. "साहेब, ते हलतंय."

"हलणारच. ते पुढे आतड्याचं दार."

"उघडलं! मिटलं… परत उघडलं." त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला. "सगळं ठाऊक होतं मला. नावं, मापं. पण हे ठाऊक नव्हतं."

डॉक्टरने नळी क्षणभर तशीच धरून ठेवली. मग जखमेवर इलाज केला. गोळ्या बंद, आता जिवाला धोका नाही, असं सांगितलं.

दुपारी वॉर्डात काका माझ्या खाटेशी स्टुलावर बसले. समोरच्या खाटेवरचा म्हातारा पोट धरून कण्हत होता, तरी त्यांनी त्याला काही विचारलं नाही. मग म्हणाले, "तुझी काकी अशीच गेली. आवणीतच. मी शनिवारचा घरी यायचो. दोन शनिवार ती पांढरी दिसली. मला कळत होतं. पण बायकोला असलं कसं विचारायचं? लाज वाटली गो. तिसऱ्या शनिवारी विचारायचं ठरवून आलो, तर अंगणात माणसं."

मी त्यांच्याकडे कुशीवर वळले.

"तेव्हापासून तिचा विचार आला की मला टेबलावरचंच दिसायचं. राखाडी, गार. आज बघितलं. तिचं पण असंच असणार ना? गुलाबी, हलणारं?"

"असंच असणार, काका," मी म्हटलं. घसा अजून बधिर होता, शब्द नीट फुटले नाहीत. पण त्यांना कळलं.

"काकी कशा होत्या?" मी विचारलं. त्यांच्याशी आपणहून बोललेलं ते माझं पहिलं वाक्य.

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवून सारखी केली.

"तिला हसू आलं की थांबायचंच नाय," ते म्हणाले. मग खिडकीकडे वळून पुन्हा म्हणाले, "थांबायचंच नाय गो."