घाडीकाका आणि हवेतल्या तीन पाळ्या

आमच्या चाळीत राऊटर बंद करून परत चालू करायचा असेल, तर आधी नारळ लागायचा.

हसू नका. बाहेरच्या जगात माणसं सरळ बटण दाबतात, मनात दहा आकडे मोजतात आणि परत बटण दाबतात, हे मलाही ठाऊक आहे. पण काळाचौकीच्या नारळवाल्या चाळीत ही चैन चालत नसे. इथे आधी दुसऱ्या मजल्यावरच्या घाडीकाकांना बोलवायचं. काका येणार, टोपी सरळ करणार, राऊटरपुढे नारळ ठेवणार आणि तळकोकणात देवापुढे घालतात तसं खड्या आवाजात गाऱ्हाणं घालणार. जमलेल्यांनी प्रत्येक ओळीला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मगच बटण.

पहिल्यांदा हे माझ्या घरी झालं तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये अडकलो होतो. म्हणजे अक्षरशः अडकलो होतो. स्क्रीनवर आमचे साहेब तोंड उघडं टाकून पाऊण तास गोठले होते आणि तेवढा वेळ ते मला फार सज्जन वाटले. शेवटी माझ्या बायकोने, वैशालीने, गॅलरीतून काकांना हाक मारली. काका आले, आणि त्यांच्या मागून अर्धी चाळ आली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या सुहासाच्या घरात राऊटर मंद पडलो हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येच्या सायबाच्या तोंडार जा गोल चाक फिरता, ता थांबव रे म्हाराजा! वाटेत कोण लोखंडाचा कपाट, कोण आरसो, कोण माशांची पेटी आडवी इली असात, तर तिका बाजूक सार रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दारात गायकवाड बाई उभ्या होत्या. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या घरात भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, आणि कपाटात पुस्तकंच पुस्तकं. त्या म्हणाल्या, "घाडी, मी देवाबिवाला साकडं घालणार नाही, आधीच सांगते. नेट मलाही हवंय, म्हणून नुसतं 'व्हय' म्हणेन. 'म्हाराजा' तुमचं तुम्ही बघा."

"बाई," काका गंभीरपणे म्हणाले, "नुसतो व्हय पण पोचता."

तेव्हापासून आमच्या गाऱ्हाण्याला एक खास ताल आला. सगळ्यांचं 'व्हय म्हाराजा' संपलं की दारातून एक कोरडं, शिस्तीतलं 'व्हय' यायचं. पट पडताळल्यासारखं.

आता तुम्हाला वाटेल, हा म्हातारा म्हणजे नुसता देवभोळा. तिथेच तुम्ही फसता. गाऱ्हाणं झालं की काका नारळ पिशवीत घालत. (फोडत कधीच नसत. एकच नारळ पाच वर्षं पुरला. आतून सुकून असा खडखडायचा, की जिन्यावर आवाज आला की लोक आपापले राऊटर पुसायला घेत.) मग चष्मा चढवून माझ्या लॅपटॉपवर राऊटरचं सेटिंगचं पान उघडत. नाव 'अ‍ॅडमिन', पासवर्ड 'अ‍ॅडमिन'. "कुलूप लावलंस आणि चावी कुलपातच ठेवलंस," असा मला एक टोमणा. पासवर्ड बदलून झाला की मूळ रोगाकडे.

"राऊटर खय ठेवलंस? कपाटामागे? माणसाक कपाटामागे कोंडलंस तर तो गाणा म्हणात काय?"

हे ज्ञान त्यांनी मिळवलं ते नेटची वायर जोडायला आलेल्या माणसाकडून. चार तास त्याला गॅलरीत बसवून, अकरा कप चहा पाजून. तो गेला तेव्हा रिकामा होऊन गेला. माझी खात्री आहे की पुढच्या घरी त्याला स्क्रूड्रायव्हर कुठून धरायचा तेही आठवलं नसणार.

काका मूळचे गिरणीतले. कापसाचा धागा कोरड्या हवेत पटापट तुटतो, म्हणून कातण्याच्या खात्यात पाण्याचा बारीक फवारा सोडून हवा ओली ठेवायची, हे त्यांचं काम. हवेशी त्यांचा संबंध तेव्हापासूनचा. गिरणी गेली, भोंगा गेला, काकी गेल्या. मूलबाळ नव्हतंच. हवा तेवढी उरली. आणि एके दिवशी कळलं की त्या हवेत आता वायफाय आहे, आणि तोही तुटतो.

मग काय विचारता! वायफायच्या वाटा हवेत ठरलेल्या असतात, त्यांना चॅनल म्हणतात. त्यातल्या एक, सहा आणि अकरा या तीनच एकमेकींच्या पायात येत नाहीत. हे ऐकल्यावर काकांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. "गिरणीत तीन पाळयो, हवेत पण तीन पाळयो! मधल्या आकड्यार जो बसता, तो दोनय पाळयेंत लुडबुड करता."

दुसऱ्या दिवशी जिन्यात खडूने पाळ्यांचं वाटप लागलं. तळमजला एक, पहिला मजला सहा, दुसरा अकरा. कुणी राऊटर 'ऑटो'वर ठेवला की काकांचा संताप अनावर. "ऑटो म्हणजे बदली कामगार! आज हय, उद्या थय. बदलीवाल्यार खाता चलता काय?" तळमजल्यावरच्या परबने एकदा गुपचूप अकरावर उडी मारली. काकांनी त्याला चाळीदेखत लेखी मेमो दिला आणि त्याने तो फ्रेम करून लावला.

वायफायला गमतीची नावं ठेवायलाही बंदी होती. परबने 'पासवर्ड मागू नये' असं नाव ठेवलं होतं. काका म्हणाले, मस्टरवर टोपणनाव चालत नाही. आडनाव आणि खोली नंबर, बस्स. कारण रोज दिवेलागणीला काका हजेरी घेत. गॅलरीच्या मधोमध उभं राहायचं, मोबाइल हातभर लांब धरायचा आणि त्यावर दिसणारी वायफायची यादी मोठ्याने वाचायची.

"गायकवाड चौदा... आसा. परब तीन... आसा. शिर्के नऊ... आसा."

सोळा खोल्या, पण नावं पंधरा. सोळावी खोली काकांची, आणि तिथे राऊटरच नव्हता! साऱ्या चाळीचा धन्वंतरी, आणि घरात औषधाची बाटली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "माका कित्याक होयो? तुमच्या दारात उभो रवलंय की माझो मोबाइल आपसूक तुमचो वायफाय धरता. सगळ्यांच्या घरचोच तो."

पंधरा नावं भरली की काका जेवायला बसत. एक जरी कमी असलं, तर त्या दारावर थाप. "राऊटर बंद कसो? बरा आसा मां?" आम्ही याची खूप चेष्टा केली. मग एका संध्याकाळी शिर्के नऊ दिसेना. काकांनी दार ठोठावलं तर आत शिर्के आजी एकट्या, तापाने फणफणलेल्या. फ्यूज उडालेला आणि उठून कुणाला हाक मारायचं त्राण नाही. काकांनी त्यांना टॅक्सीत घातलं, मी आणि परब बरोबर गेलो. आजी बऱ्या होऊन आल्या. तेव्हापासून चेष्टा थांबली. निदान काका ऐकत असताना.

आणि मग चाळीच्या पुनर्विकासाच्या कागदांवर सह्या झाल्या.

नवी बिल्डिंग उभी राहीपर्यंत जो तो भाड्याच्या घरात निघाला. कुणी डोंबिवली, कुणी विरार. गायकवाड बाई लेकीकडे ऐरोलीला. निघताना लोक काकांच्या पाया पडत, आणि काका आशीर्वादाबरोबर एक मागणी करत. "तुझो जुनो राऊटर देऊन जा. थय तुका नवीन गावतलो. ह्यो भंगारात घालू नको." लोक हसून देत. काकांचा छंद, दुसरं काय!

हजेरी आटत गेली. पंधराची अकरा झाली, अकराची सहा. काका प्रत्येक नाव वाचून थांबत, पुढचं दिसतंय का बघत, आणि मग जेवायला जात. जात असावेत. त्या दिवसांत त्यांच्या खोलीतून कुकरची शिटी ऐकल्याचं मला आठवत नाही.

शेवटी उरली आमची दोनच बिऱ्हाडं. मी, मुलीची परीक्षा होईस्तोवर. आणि काका, ज्यांना बदलापूरचा पुतण्या दर रविवारी न्यायला यायचा आणि दर रविवारी चहा पिऊन परत जायचा.

पण नेट! काय वर्णू त्या नेटचा वेग! हवेत गर्दीच उरली नाही. एक, सहा, अकरा, सगळ्या पाळ्या माझ्या एकट्याच्या. साहेब वाक्य बोलायच्या आधीच मला ऐकू यायचं. मी आनंदाने काकांना सांगितलं, "काका, असं नेट जन्मात बघितलं नव्हतं! तुम्हाला हवं होतं ते हेच ना?"

काका गॅलरीतून खाली रिकाम्या चौकाकडे बघत होते. "व्हय," म्हणाले. नुसतं 'व्हय'. गायकवाड बाईंसारखं.

हे सुख आठवडाभर टिकलं. आठव्या दिवशी भर दुपारी साहेब पुन्हा गोठले. मी राऊटर पुसला, अँटेना फिरवल्या, कपाट सरकवलं. चाक फिरतंच. हवेत आडवं यायला कुणी उरलेलं नसताना हे कसं? शेवटी मोबाइलवर वायफायची यादी उघडली, आणि माझ्या अंगावर काटा आला.

गायकवाड चौदा. परब तीन. शिर्के नऊ. कदम दोन. पंधराच्या पंधरा.

मी आधी गॅलरीत धावलो. सगळ्या दारांना कुलपं. वर दुसऱ्या मजल्यावर फक्त काकांचं दार लोटलेलं. आत गेलो तर फळीवर, काकींच्या फोटोच्या दोन्ही बाजूंना, चौदा राऊटर ओळीने मांडलेले. नेटची वायर एकालाही नव्हती. नुसते विजेवर चालू. जुनी नावं तशीच पोटात ठेवून, हिरवे दिवे मिचकावत बसलेले. बटण लावलं की राऊटर आपलं नाव हवेत पुकारतोच, मागे नेट असो वा नसो.

काका खाटेवर बसले होते. लपवलेला लाडू सापडलेल्या पोरासारखे.

"काका, कुठल्या चॅनलवर आहेत हे?"

"सगळे सहार."

"सहावर तर मी आहे! तुम्हीच म्हणायचात ना, एका पाळीत एवढी गर्दी नको?"

"तसाच होता मनात. तीन पाळयो करूच्यो." ते टोपीची घडी करत राहिले. "पण झिला, पाळी वेगळी झाली की माणसा एकमेकांक भेटणत नाय रे. एक येता, दुसरो जाता. म्हटलंय, ऱ्हवांदेत आता एकत्र."

मी मोबाइल खिशात टाकला.

"तुझा काम अडता. बंद करतंय." ते उठले, पिशवीतून तो खडखडता नारळ काढून ओळीपुढे ठेवला, टोपी घातली. "बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

पुढची ओळ येईना. काका चौदा दिव्यांकडे बघत उभे. देवाकडे नक्की काय मागायचं, तेच त्यांना सुचत नव्हतं. मी दाराकडे बघितलं. तिथूनही 'व्हय' आलं नाही.

मी पुढे होऊन नारळ उचलला आणि परत पिशवीत ठेवला. "असू देत, काका. परीक्षा संपेपर्यंत माझंही चालेल. हजेरी झाली का आजची?"

"अजून दिवेलागण खय झाली?"

"मग झाली की हाक मारा. आणि जेवायला आमच्याकडे या."

खाली येऊन साहेबांना फोन लावला. ते भडकलेलेच होते. "अहो, तुमची बिल्डिंग रिकामी झाली म्हणालात ना? मग नेट स्लो कसं?"

मी म्हटलं, "काय सांगू सर, आमच्या चाळीत माणसं फार."